अब्बांच्या कपाळावरचा कण

आसिफा,

तुझ्याबद्दल लिहिते आहे, हे आधी तुलाच सांगते. मागून कुणाकडून कळलं तर तू आठवडाभर बोलायची नाहीस. माझ्यात लिहिण्यासारखं काय आहे बाई, असं तू म्हणशील. ते ठरवायचं काम तुझं नाही. मोठमोठ्या लोकांची चरित्रं वाचून माझे डोळे गेले, आणि त्यातल्या निम्म्यांबरोबर चहा प्यायचीही माझी इच्छा नाही. तुझ्याबरोबर रोज पिते. नाव तुझं तुझंच ठेवलंय. माणसांची नावं काढून तिथं आकडे बसवायचे हा तुझा धंदा असेल, मी आकड्यांना पत्र लिहीत नाही. मी स्वतःही यात आहे, गिरिजाबाई म्हणून, लागेल तेवढीच. दर ओळीला मी-मी करणारी माणसं मला सोसत नाहीत. आता पुढचं लोकांना सांगायचं आहे, तेव्हा तू जरा बाजूला बस.

बदनापूरला स्टेशनच्या मागच्या अंगाला दोन खोल्यांचं एक घर आहे. दारासमोर सकाळी जालन्याला जाणाऱ्यांच्या मोटारसायकली लागतात, संध्याकाळी काढल्या जातात. या दोन वेळा सोडल्या तर त्या दारात कुणी थांबत नाही. आत आसिफा बदरोद्दीन राहते. चाळिशी ओलांडलेली, उंच, जरा पोक काढून चालणारी. लग्न झालं नाही. आधी आई मैमूना अंथरुणाला खिळली, तिचं केलं. ती गेली तोवर बापाचं करायची वेळ आली. स्थळं आली तेव्हा घरात कुणी ना कुणी आजारी होतं आणि घर मोकळं झालं तेव्हा स्थळं यायची थांबली होती. एवढाच इतिहास. ती तो रडून सांगत नाही. सांगतच नाही, खरं म्हणजे.

आधी ती जालन्याला एका स्कॅन सेंटरवर टेक्निशियन होती. एमआरआयच्या मशीनमध्ये माणूस सरकवण्याआधी अंगावरचं सगळं लोखंड-बिखंड, दागिना, ताईत काढून ठेवावा लागतो. खेड्यातल्या बायका जोडवी काढतील, नथ काढतील, पण मंगळसूत्राला हात लावू द्यायच्या नाहीत. आसिफा म्हणायची, "मावशी, ते कपाटात न्हाई ठेवत. माझ्या मुठीत ठेवते. तुम्ही बाहेर येईस्तोवर मूठ उघडत न्हाई, बस?" आणि खरंच काचेपलीकडे बसून राहायची, डाव्या हाताची मूठ आवळून, उजव्या हातानं मशीन चालवत. बायका तिलाच मागायच्या. "ती मुठीवाली हाय का आज?"

बदरोद्दीन एकटे पडले तेव्हा ती नोकरी सोडून तिनं घरून करायचं काम धरलं. ते काम काय आहे हे गल्लीत कुणालाच कळलेलं नाही, म्हणून सांगते.

एमआरआयचं मशीन डोक्याचे काप काढतं. पाव कापावा तसे, पण कागदाएवढे पातळ म्हणावेत असे. प्रत्येक कापाची वेगळी फाइल. या फाइलींच्या जातीला डायकॉम म्हणतात. एका पेशंटकडे बघणाऱ्या डॉक्टरचं त्यावर भागतं. पण ज्यांना शेकडो मेंदू शेजारी शेजारी मांडून अभ्यास करायचा असतो, त्यांना ते सगळे काप नीट रचून सबंध डोकं एकाच फाइलीत लागतं. त्या दुसऱ्या जातीचं नाव निफ्टी. हे नाव एकदा समोरच्या कांताबाईंच्या कानावर पडलं.

"म्हंजे शेअर बाजार करतीस व्हय गं घरात बसून? मंग आम्हाला बी सांग की काहीतरी, कोणता घ्यावा."

"शेअर न्हाई कांताबाई. डोकी असतात. लोकांची."

"डोकी?" कांताबाईंनी पदर तोंडाला लावला. "दिवसभर मुंडकी बघत बसतीस? मंग जेवण कसं जातं तुला?"

रचायचं काम प्रोग्रॅमच करतो. आसिफाला पैसे मिळतात ते त्यानंतर बघायचे. एखादा काप गाळला का, डोकं उलटं झालं का, आणि मुख्य म्हणजे डावं-उजवं फिरलं का. मेंदूचे दोन भाग वरून सारखेच दिसतात. फिरले तर कुणाच्या बापाला कळायचं नाही, आणि अभ्यास मात्र सगळा उलटा होऊन बसेल. म्हणून स्कॅनच्या वेळी माणसाच्या उजव्या कानशिलावर माशाच्या तेलाची एक गोळी चिकटपट्टीनं लावतात. चित्रात ती पांढरी दिसते. पांढरा ठिपका जिकडे, उजवी बाजू तिकडे. आसिफा आधी तो ठिपका शोधते.

शेवटचं काम चेहरा काढायचं. नाव सेंटरवरच काढून टाकलेलं असतं, त्याजागी आकडा असतो. पण काप रचले की मेंदूबरोबर नाक, ओठ, हनुवटी सगळं उभं राहतं, आणि त्यावरून माणूस ओळखू येऊ शकतो. तेव्हा कपाळाच्या कातडीसकट खालचा आणि पुढचा सगळा भाग कापून टाकायचा. राहिलेलं डोकं पुण्याला पाठवायचं. तिकडून बरोबर आहे असा निरोप आला की आपल्याकडचं मूळ सगळं पुसायचं. तसं तिनं लिहून दिलेलं आहे. गिरिजाबाई शेजारच्या, जालन्याच्या कॉलेजात भूगोल शिकवून निवृत्त झालेल्या. त्या वाटीत काही घेऊन आल्या की आसिफा आधी स्क्रीन बंद करायची, मग वाटी हातात घ्यायची.

"मला काय कळणार आहे त्यातलं?" गिरिजाबाई चिडायच्या.

"तुम्हाला न्हाई कळणार बाई. पण त्या माणसानं मला दाखवायला सांगितलंय, तुम्हाला न्हाई."

असे चेहरे ती रोज बघते आणि रोज काढून टाकते. डोळे मिटलेले, राखाडी, ओठ बंद. त्यातलं कुणी तिच्याशी बोललेलं नाही. दिवसाकाठी तिचं बोलणं होतं ते दूधवाल्याशी, गिरिजाबाईंशी आणि पुण्याच्या अर्पिताशी. अर्पिता ही तिला काम देणारी मुलगी, वयानं लहान, गोड बोलणारी, आणि दर वाक्यात एक तारीख टाकणारी.

यंदा मार्चमध्ये अर्पितानं फोनवर सांगितलं, "ताई, आता तुमच्याच गावची बॅच येतेय. जालन्याच्या रिटायर्ड मिल वर्करची. शुक्रवारपर्यंत होईल ना?"

आसिफा म्हणाली, होईल. फोन ठेवला.

त्या बॅचमध्ये तिचे अब्बा होते.

बदरोद्दीन एमआयडीसीत एका रोलिंग मिलमध्ये लेथवर होते. सळई ज्या रोलमधून दाबून काढतात त्या रोलना खाचा पाडायचं काम. जन्मभर त्यांनी फोटो काढून घेतला नाही. कुणी कॅमेरा काढला की ते चप्पल शोधायला लागायचे. लग्नात नाही, ईदला नाही, मिलच्या वार्षिक फोटोत तर त्यांच्या जागी नुसती रिकामी खुर्ची. सरकारनं आधारसाठी बसवलं तेवढंच. आणि त्या कार्डावरचा माणूस बदरोद्दीन सोडून कुणीही असू शकतो, कपाळावर तर नुसता उजेडाचा पांढरा पट्टा. आता ते जाऊन दोन वर्षं होत आली. आवाज तिला आठवतो. हात आठवतात, नखांच्या कडेला बसलेलं काळं तेलसुद्धा. चेहरा मात्र हल्ली डोळ्यांपुढे आणला की हलतो, असं ती गिरिजाबाईंना एकदा म्हणाली होती. पाण्यात बघितल्यासारखा.

जाण्याच्या आदल्या वर्षी ते या अभ्यासाला गेले होते. म्हाताऱ्या कामगारांच्या विसरभोळेपणाचा अभ्यास. बरोबर त्यांचा मिलमधला जोडीदार भागवत, पिंपळगाव रेणुकाईचा. दोघं एकाच लेथवर काम केलेले, एकाच डब्यात जेवलेले. स्कॅन झाल्यावर जेवण आणि कापडी पिशवी मिळाली, त्यावर दोघं खूश होते.

फाइली आल्या. नाव नाही, वयसुद्धा गटात टाकलेलं. तेव्हा शोधायचं कसं? तिला वाटलं होतं, बापाचा चेहरा आहे, दिसला की ओळखू येईल. एकेक डोकं रचून ती बघत गेली, आणि कोणताच चेहरा ओळखीचा वाटेना. मग लक्षात आलं. एमआरआयला केस दिसत नाहीत. दाढी दिसत नाही. बदरोद्दीनना छातीपर्यंत दाढी होती, आसिफाच्या जन्माआधीपासूनची. अब्बांची हनुवटी तिनं आयुष्यात पाहिलेली नव्हती. या सगळ्या गुळगुळीत म्हाताऱ्यांतला आपला कोणता, हे तिला सांगता येत नव्हतं. इतकी वर्षं हे काम करून ही गोष्ट तिच्या ध्यानात आली नव्हती, कारण कधी कुणाला ओळखायचंच नव्हतं.

पण एक खूण होती. अब्बांच्या भुवईच्या वर, कातडीखाली, लोखंडाचा एक कण होता. डाळीएवढा निळसर डाग. लहानपणी ती बोटानं तो दाबून बघायची. कधीतरी लेथचं हत्यार तुटलं, तुकडे उडाले; बदरोद्दीन एका बाजूनं वाकलेले, भागवत समोरच्या बाजूनं. दोघांच्याही कपाळात एकेक बसला. डॉक्टरनं दिसला तेवढा काढला, उरलेल्यावर कातडी धरली. भागवत हसून म्हणायचा, "बदरूभाई, तुला बी टिळा लागला की रे!" आणि बदरोद्दीन म्हणायचे, "तुझा रोज आंघोळीला जातो. माझा पक्का हाय." स्कॅनच्या आधी दोघांचा एक्सरे काढला होता, कण डोळ्यापासून लांब आहेत, चालेल, म्हणाले.

लोखंडाजवळ हे मशीन आंधळं होतं. चित्रात तिथं काळा खड्डा पडतो, कणाहून कितीतरी मोठा. आसिफानं खड्डे शोधले. दोन डोक्यांना मिळाले. एकाच्या उजव्या भुवईवर, दुसऱ्याच्या डाव्या. बाकी कुणाच्याच कपाळावर नाही. एक बदरोद्दीन, एक भागवत; टोपी आणि मिशा गेल्यावर भागवतही तिला ओळखू येईना. बाजूंबद्दल शंकाच नव्हती. तेलाची गोळी दोघांच्याही उजव्या कानशिलावर स्वच्छ दिसत होती.

आणि अब्बांचा कण कोणत्या बाजूला होता, हे तिला आठवेना.

जी बाई रोज लोकांच्या डोक्यांचं डावं-उजवं तपासते तिला! तिनं डोळे मिटून बोट पुढं केलं, अब्बा समोर बसलेत असं धरून. बोट एकदा इकडे गेलं, एकदा तिकडे. नाशिकला बॅटरीच्या दुकानात असलेल्या धाकट्या भावाला, आमेरला, फोन लावला.

"अब्बा के माथे पे वो लोहा था ना, कौनसी बाजू था रे?"

"दायीं बाजू।" मग मागे गिऱ्हाइकाचा आवाज. "नै नै, बायीं था शायद। क्यों आपा, क्या हुआ?"

"कुछ नै। खाना खाया?"

"खाया। आपा, गिऱ्हाइक खडे हैं।"

फोन बंद. आई मैमूना असती तर तिनं झोपेतसुद्धा सांगितलं असतं.

त्या दिवशी गिरिजाबाई आल्या तेव्हा स्क्रीन बंदच होती, आणि आसिफाही त्या स्क्रीनसारखीच बंद बसली होती. गिरिजाबाईंनी वाटी आपटली. "काय झालं? तोंड का असं केलंस? बोल लवकर, माझं दूध गॅसवर आहे."

आसिफानं सांगितलं. सगळं. दाखवलं मात्र नाही.

"म्हंजे बघा बाई, मूळ पुसण्याआधी एकाची कॉपी ठेवली तर कुणाला कळत न्हाई. अर्पिताला न्हाई, कुणालाच न्हाई. पण कोणता ठेवू? चुकून भागवतकाकालाच घरात ठेवलं तर? मी सकाळी उठून सलाम करून राह्यले, अन् ते भागवतकाका!"

दोघींना हसू आलं. आसिफाचं लवकर थांबलं.

"मग भागवतला फोन कर. विचार, बाबा रे, तुझा कुठल्या बाजूला? त्याचा डावा असला तर बदरोद्दीनचा उजवा. इतकं सोपं आहे."

"फोन न्हाई करता येत. अभ्यासातल्या माणसाला मी विचारायचं न्हाई, तसं लिहून दिलंय."

"लिहून तर कॉपी ठेवायची नाही असंही दिलंयस!"

आसिफानं वाटी उचलून ओट्यावर ठेवली. मग म्हणाली, "तुमची बहीण पिंपळगावला असती ना? तुम्ही जातच असता. नुसतं बघून या. विचारायचं न्हाई, बोलायचं न्हाई. देवळापुढं कट्ट्यावर बसतात ते."

"त्याची टोपी कायम भुवयांवर ओढलेली. इथं बदरोद्दीनच्या मातीला आला होता तेव्हासुद्धा काढली नव्हती."

"म्हणूनच तर मला बी आठवत न्हाई."

"काढायला लावते मी टोपी. माझ्यापुढं प्राचार्यांनी टोप्या काढल्यात." गिरिजाबाई उठल्या, पुन्हा बसल्या. "थांब. उजवा म्हणजे त्याचा उजवा, की मला दिसतो तो?"

"त्यांचा, बाई."

"मग तसं नीट सांगत जा. म्हणजे मी समोर उभी राहिले तर माझ्या डाव्या हाताला."

"हां. बराबर."

"आणि तो पाठ करून बसला असेल तर?"

"पाठीकडून कपाळ कसं दिसंल बाई?"

दूध उतू गेल्याचा वास शेजारून यायला लागला. गिरिजाबाई चरफडत पळाल्या, आणि दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीनं जायचं पक्कं झालं.

सकाळी त्या स्टँडवर पोचल्या. हातात पिशवी, पिशवीत बहिणीसाठी मोसंबी. पिंपळगावच्या वाटेची, भोकरदनकडं जाणारी गाडी लागली, दार उघडलं, त्यांनी पहिल्या पायरीवर पाय ठेवला, तेवढ्यात मागून कुणीतरी पिशवी धरली. आसिफा. धावत आलेली, एका पायात घरातली चप्पल, एका पायात बाहेरची. ती बाजारात कधी अशी आली नव्हती.

"बाई, उतरा. जाऊ नका."

"अगं, जागा जाईल!"

"उतरा म्हणते ना."

मागच्या माणसानं "ओ आजी, चढा तरी न्हाईतर उतरा तरी" असं म्हटलं, त्याला एक नजर देऊन गिरिजाबाई उतरल्या. गाडी निघून गेली. दोघी स्टँडच्या भिंतीला टेकून उभ्या राहिल्या. आसिफाला दम लागला होता.

"स्कॅनला नेलं त्या दिवशीचं सांगते," ती म्हणाली. "अब्बा तयार नव्हते. फोटो काढतात म्हणून. आता या वयात कशाला बिघडवतेस माझं, म्हणाले. मी म्हणाले, अब्बा, फोटो न्हाई तो, आतलं दिसतं. तर मला विचारलं, चेहरा तर निघत न्हाई ना? आता मला तर माहीत, निघतो. मी म्हणाले, निघाला तर मी सोता काढून टाकीन, अब्बा. माझ्या हातानं. मंग झोपले मशीनमध्ये."

गिरिजाबाईंना सगळ्यावर उत्तर असतं. या वेळी त्यांनी प्रश्नच विचारला.

"हे तुला काल आठवलं नाही?"

"आठवलं होतं. तुम्हाला सांगितलं न्हाई. सांगितलं असतं तर तुम्ही गेला नसता." तिनं पिशवीचा बंद अजून सोडला नव्हता. "आता तुम्ही बघून आलात अन् मला कळलं, हे अब्बा, तर मंग माझ्यानं होणार न्हाई बाई. कळलंच न्हाई तर दोन्ही सारखे. दोन्ही काढते. बाकीच्यांचे काढले तसे."

"आणि तू?"

"मी काय?"

रिक्षा करायची का, असं गिरिजाबाईंनी विचारलं. चालत जाऊ, आसिफा म्हणाली, आणि तशीच, दोन पायांत दोन चपला घालून, पुढं निघाली.

घरी येऊन तिनं दार लावून घेतलं. आधी उजव्या खड्ड्याचं डोकं उघडलं. कडा तिनं दोनदा पुन्हा आखली. चेहरा गेला तेव्हा खड्डासुद्धा त्याबरोबर गेला, कपाळाच्या कातडीतला असल्यामुळे. मग डाव्या खड्ड्याचं. तेही तसंच. आता दोन डोक्यांत काही फरक उरला नाही, आकड्यांशिवाय. तिनं दोन्ही बराच वेळ शेजारी ठेवून बघितली. अर्पिताचा निरोप दुपारी आला: सगळं परफेक्ट, ताई, थँक्यू, आता ओरिजिनल डिलीट करा. आसिफानं केलं. मशीन विचारतं, नक्की पुसायचं का. तिनं हो म्हटलं. ते पुन्हा विचारतं. तिनं पुन्हा हो म्हटलं.

संध्याकाळी गिरिजाबाईंनी दार वाजवलं तेव्हा तिनं उघडलं. स्क्रीन चालूच होती आणि तिच्यावर काहीच नव्हतं. पिशवीतली मोसंबी दोघींनी सोलून खाल्ली. कांताबाईंच्या घरातला टीव्ही ऐकू येत होता. आसिफा म्हणाली, "आज कुणाचाच फोन न्हाई आला." हे ती तक्रार म्हणून म्हणाली नाही, पाणी गेलं, वीज आली, असं सांगावं तसं म्हणाली. गिरिजाबाई नेहमीपेक्षा उशिरापर्यंत बसल्या आणि नेहमीसारखंच उठताना गुडघ्यांना शिव्या दिल्या.

त्यानंतर गिरिजाबाई पिंपळगावला गेल्या नाहीत असं नाही. बहीण आहे, जावं लागतं. भागवत देवळापुढच्या कट्ट्यावर असतो. एकदा तर मे महिन्याच्या उन्हात तो टोपी काढून तिनंच वारा घेत बसला होता, आणि लांबूनच ओरडला, "मॅडम, आमच्या आसिफाचं बरं हाय ना?"

"बरं आहे," गिरिजाबाई म्हणाल्या आणि त्यांनी भर रस्त्यात छत्री उघडली, त्याच्या बाजूला झुकती धरली, आणि सरळ चालत्या झाल्या. बघितलं असतं तर त्यांच्या पोटात राहिलं नसतं.

परत आल्या की आसिफा चहा टाकते. "बहीण बरी का?" विचारते. बरी, त्या म्हणतात. मग आसिफा भागवतचं नाव न काढता कप त्यांच्यापुढं सरकवते आणि साखरेचा डबा शोधायला उठते.